प्रतिरोपित मूल कोशिकांचे प्रतिमादर्शन

रोग्याच्या शरीरात उपचारासाठी सोडलेल्या मूल कोशिका (स्टेम सेल) कोणत्या इंद्रियात जातात, तेथे किती प्रमाणात राहतात व किती काळ जिवंत असतात, हे शरीराचा छेद न घेता बाहेरून पाहण्याच्या तंत्रांना ‘प्रतिरोपित मूल कोशिकांचे प्रतिमादर्शन’ असे म्हणतात. मूल कोशिका म्हणजे स्वतःसारख्या नव्या कोशिका निर्माण करण्याची आणि त्याचबरोबर विशिष्ट कार्य करणाऱ्या कोशिकांत रूपांतरित होण्याची क्षमता असलेली कोशिका होय. रक्तवाहिन्यांच्या विकारांत, विशेषतः पायाच्या रोहिण्या व हृदयाच्या परिहृद् रोहिण्या बंद पडल्यामुळे होणाऱ्या विकारांत, अशा कोशिकांचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यांच्यापासून नव्या रक्तवाहिन्या तयार होतील, अशी त्यामागील कल्पना होती. ही कल्पना कितपत खरी आहे, हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने प्रतिमादर्शनाने केले. या तंत्राचा इतिहास हा म्हणूनच केवळ उपकरणांचा इतिहास नाही. एका मोठ्या आशेची पारख कशी झाली, याचाही तो इतिहास आहे.

रोगाचे स्वरूप : पायाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या म्हणजे प्रथम चालताना पोटरीत गोळा येतो, पुढे विश्रांतीच्या वेळीही वेदना होतात, बोटांवर न भरणारे व्रण पडतात आणि अखेरीस कोथ होऊन पाय कापावा लागतो. याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले रोहिणीकाठिण्य, ते बहुधा उतारवयात आणि मधुमेह, उच्च रक्तदाब यांच्या जोडीने आढळते. दुसरे बर्गर रोग. या रोगाचे वर्णन १८७९ मध्ये व्हिएन्ना येथील फेलिक्स फोन विनिवार्टर यांनी प्रथम केले आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिओ बर्गर यांनी कापलेल्या पायांच्या तपासणीवरून त्याचे सविस्तर विवेचन केले. हा रोग बहुधा पन्नाशीच्या आतील, तंबाखूचे सेवन करणाऱ्या पुरुषांना होतो. लहान व मध्यम आकाराच्या रोहिण्या आणि नीला यांत दाह होऊन रक्ताच्या गुठळ्या जमतात. बंद पडलेल्या रोहिण्या पावलाकडील टोकाच्या असल्यामुळे त्यांना वळसा देणारी शस्त्रक्रिया पुष्कळदा शक्य होत नाही. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच रोगाची वाढ रोखण्याचा खात्रीचा उपाय आहे.

भारतात बर्गर रोगाचा संबंध पाश्चात्त्य देशांतल्याप्रमाणे केवळ सिगारेटशी नसून मुख्यतः विडीशी आहे. महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर, संगमनेर, तसेच गोंदिया व भंडारा ही विडी वळण्याच्या उद्योगाची जुनी केंद्रे होत. त्यांपैकी संगमनेर हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात येते. याच जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा बाजारगावात पोती वाहणाऱ्या, गुरे हाकणाऱ्या किंवा शेतावर राबणाऱ्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापला गेला, तर त्याबरोबर त्याचा रोजगारही जातो. शस्त्रक्रिया शक्य नाही असे सांगितले गेल्यावर कोशिकांच्या उपचाराकडे रुग्ण व त्याचे कुटुंबीय मोठ्या आशेने का पाहतात, हे यावरून समजते. त्या आशेला आधार किती, हा प्रश्नही त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

पूर्वपीठिका : शरीरातील एखाद्या पदार्थाचा माग किरणोत्सर्गाच्या साहाय्याने काढण्याची कल्पना ग्यॉर्ग फोन हेव्हेशी यांची होय. त्यांनी १९१३ मध्ये फ्रिट्झ पानेट यांच्यासह किरणोत्सर्गी मागोवा पद्धती रसायनशास्त्रात वापरली आणि १९२३ मध्ये शिशाच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या साहाय्याने वनस्पतींतील शिशाचे वहन अभ्यासले. या कार्याबद्दल त्यांना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताभिसरणासाठी या पद्धतीचा पहिला उपयोग बॉस्टन येथील हर्मन ब्लूमगार्ट यांनी १९२५ च्या सुमारास केला. एका हाताच्या नीलेत किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ते दुसऱ्या हातापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले.

द्रव्याऐवजी जिवंत कोशिकेवरच खूण करणे, हा पुढचा टप्पा होता. सीमोर ग्रे व केनेथ स्टर्लिंग यांनी १९५० मध्ये रक्तातील तांबड्या कोशिकांना क्रोमियम-५१ ची जोड दिली. त्यामुळे या कोशिकांचे आयुष्य व रक्ताचे आकारमान मोजणे शक्य झाले. प्रतिरोपित कोशिका ओळखण्याचा पहिला निर्णायक प्रयोग मात्र किरणोत्सर्गाने खूण करून झालेला नव्हता. इंग्लंडमधील हार्वेल येथे सी. ई. फोर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये प्राणघातक मात्रेचे प्रारण दिलेल्या उंदरांत दुसऱ्या उंदरांची अस्थिमज्जा सोडली. दात्या उंदरांच्या गुणसूत्रांत सूक्ष्मदर्शकातून ओळखता येणारा एक वेगळेपणा होता. प्रतिरोपणानंतर ग्राहक उंदरांच्या रक्तोत्पादक ऊतकांत तोच वेगळेपणा दिसला. त्यावरून उंदीर जगले ते दात्याच्या कोशिका त्यांच्यात रुजल्यामुळे, हे सिद्ध झाले. त्यापूर्वी मज्जेतील एखाद्या द्रवपदार्थामुळे प्राणी बरे होतात, असाही एक पक्ष होता. कोशिका रुजली की तिने काही स्रवले, हा वाद पुढे सुमारे पन्नास वर्षांनी रक्तवाहिन्यांच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला. त्या वेळी त्याचा निकाल नेमका उलट लागला. कॅनडातील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्कलॉक यांनी १९६१ मध्ये उंदराच्या प्लीहेत वाढणाऱ्या कोशिकासमूहांवरून रक्तोत्पादक मूल कोशिकांचे अस्तित्व दाखविले.

ट्रॉम्बे व परळ : कोशिकांवर खूण करण्यासाठी अल्पायुषी समस्थानिक जवळ उपलब्ध असावे लागते, कारण प्रवासात वेळ गेल्यास त्याची तीव्रता घटते. महाराष्ट्रात ही सोय लवकर झाली. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी आणि ‘सायरस’ ही भट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली. वैद्यकासाठी लागणारी समस्थानिके तेथे तयार होऊ लागली. त्यांचा रुग्णांसाठी उपयोग करण्याकरिता १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात विकिरण वैद्यक केंद्र स्थापन झाले. ट्रॉम्बे येथील संस्थेला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. समस्थानिकांचे उत्पादन व वितरण यांसाठी १९८९ मध्ये ‘ब्रिट’ हे स्वतंत्र मंडळ स्थापन करण्यात आले.

अणुवैद्यकात सर्वाधिक वापरले जाणारे समस्थानिक टेक्नेशियम-९९एम हे होय. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६ तास असून ते मॉलिब्डेनम-९९ पासून रुग्णालयातच वेगळे करून घेता येते. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत १९५०–६० या दशकाच्या अखेरीस ही युक्ती निघाली. त्याच सुमारास हॅल अँगर यांनी गॅमा किरणांचे चित्र एकाच वेळी टिपणारा कॅमेरा तयार केला. या दोहोंमुळे शरीरातील किरणोत्सर्गी द्रव्याची नुसती मोजणी करण्याऐवजी त्याची प्रतिमा मिळू लागली.

परळच्या याच परिसरात, टाटा स्मारक रुग्णालयात, मार्च १९८३ मध्ये सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रतिरोपण केले. रक्ताच्या कर्करोगावरील या उपचारात मूल कोशिका नीलेवाटे दिल्या जातात आणि त्या मज्जेत जाऊन रुजतात. त्या रुजल्या की नाहीत, हे पाहण्यास प्रतिमेची गरज पडत नाही. काही आठवड्यांत रक्तातील श्वेत कोशिका व बिंबाणू यांची संख्या वाढू लागते आणि त्या दात्याच्या आहेत, हे तपासता येते. रक्तवाहिन्यांच्या विकारांत अशी सोय नाही. पोटरीच्या स्नायूत टोचलेली कोशिका तेथेच राहिली, मेली की वाहून गेली, हे रक्ताच्या थेंबात दिसत नाही. वेदना कमी झाल्या, तरी ते कोशिकेमुळे, तंबाखू सोडल्यामुळे की केवळ उपचार मिळाल्याच्या समाधानामुळे, हे सांगता येत नाही. मूल कोशिकांच्या दोन उपचारांतील हा फरक ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गैरसमज झाले. एका क्षेत्रातील सिद्ध यशाची पुण्याई दुसऱ्या क्षेत्रातील अपुऱ्या पुराव्याला मिळत गेली.

कोशिकांचे अंकन : कोशिका शरीराबाहेर काढून, तिच्यात किरणोत्सर्गी द्रव्य भरून ती परत सोडण्याच्या क्रियेला अंकन असे म्हणतात. हे तंत्र प्रथम मूल कोशिकांसाठी नव्हे, तर शरीरात दडलेला पू शोधण्यासाठी विकसित झाले. श्वेत कोशिका पुवाकडे धाव घेतात. म्हणून त्या अंकित केल्यास त्या जेथे जमतील तेथे गळू आहे, असे समजते. या कामी इंडियम-१११ व ऑक्सीन यांचे संयुग उपयोगी ठरले. भारतीय वंशाचे किरणोत्सर्गी रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू ठाकूर यांचा या शोधात प्रमुख वाटा होता. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयातील अँथनी सीगल, जे. पी. लॅव्हेंडर इत्यादींसह त्यांनी केलेले कार्य १९७६ व १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. बिंबाणूंच्या अंकनाचे कार्यही त्यांनी अमेरिकेतील मायकेल वेल्च व इतरांसह १९७६ मध्येच प्रसिद्ध केले. पुढे ठाकूर हे अमेरिकेच्या अणुवैद्यक संस्थेचे २००४–०५ मध्ये अध्यक्ष झाले.

ऑक्सीन हे मेदविद्राव्य असल्यामुळे ते कोशिकेचे पटल सहज ओलांडते. आत गेल्यावर इंडियम त्यापासून सुटून कोशिकेतील प्रथिनांना चिकटते व बाहेर पडत नाही. इंडियम-१११ चा अर्धायुकाल सुमारे २.८ दिवस असल्यामुळे कोशिकांचा माग अनेक दिवस घेता येतो. १९८६ मध्ये टेक्नेशियम-९९एम व एचएमपीएओ यांच्या संयुगाने श्वेत कोशिकांचे अंकन करण्याची पद्धती हॅमरस्मिथ येथेच ए. एम. पीटर्स व सहकाऱ्यांनी दिली. ती स्वस्त व सोयीची आहे. पण २४ तासांनंतर टेक्नेशियमचा केवळ सोळावा हिस्सा उरतो. तिसरे साधन म्हणजे फ्ल्युओरीन-१८ जोडलेली ग्लुकोजसदृश शर्करा. तिच्यापासून पॉझिट्रॉन प्रतिमादर्शनाने अधिक अचूक मोजणी होते. परंतु या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने काही तासांपलीकडे पाहता येत नाही. मूल कोशिकांच्या अभ्यासकांना ही तिन्ही साधने तयार मिळाली.

नव्या रक्तवाहिन्यांची आशा : प्रौढ माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या जुन्या वाहिन्यांना फुटवे येऊनच तयार होतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. बॉस्टन येथे ताकायुकी आसाहारा, जेफ्री आइझ्नर व सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रौढांच्या रक्तातून वाहिन्यांच्या अंतःस्तराच्या पूर्वज कोशिका वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले. अनुस्फुरक रंगाने अंकित केलेल्या या कोशिका पायाचा रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांत सोडल्या असता त्या नव्या केशवाहिन्यांच्या भिंतींत आढळल्या. त्यासाठी अर्थातच ऊतकाचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागले.

जपानमधील डॉक्टरांनी ही कल्पना रुग्णांपर्यंत नेली. एरिको तातेइशी-युयामा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पायाच्या अरक्ततेच्या रुग्णांचे दोन गट होते. पहिल्या गटातील २५ रुग्णांच्या एका पायाच्या पोटरीत त्यांच्याच अस्थिमज्जेतील कोशिका टोचल्या व दुसऱ्या पायात लवणजल टोचले. दुसऱ्या गटातील २२ रुग्णांच्या एका पायात मज्जेतील व दुसऱ्यात रक्तातील कोशिका टोचल्या. मज्जेतील कोशिका मिळालेल्या पायांत रक्तदाबाचे गुणोत्तर, ऑक्सिजनाचे प्रमाण व वेदना यांत सुधारणा दिसली. जर्मनीत डसेलडॉर्फ येथे बोडो-एकेहार्ड श्ट्राउअर यांनी याच सुमारास हृद्‍रोहिणीत मज्जेच्या कोशिका सोडल्या. जगभर अशा चाचण्या सुरू झाल्या. कोशिका जातात व रुजतात, हे त्यांपैकी बहुतेक चाचण्यांत गृहीत धरलेले होते, पाहिलेले नव्हते.

प्रतिमांनी दिलेला कौल : इझ्राएलमधील बार्बाश व सहकारी यांनी २००३ मध्ये टेक्नेशियमने अंकित केलेल्या मज्जेतील कोशिका हृदयविकार निर्माण केलेल्या उंदरांच्या जातीच्या प्राण्यांना नीलेवाटे दिल्या. प्रतिमांत त्या मुख्यतः फुप्फुसांत अडकलेल्या दिसल्या. याचे कारण साधे आहे. वाढविलेल्या मज्जाकोशिका आकाराने मोठ्या असतात आणि नीलेतून निघालेल्या कोशिकेला हृदयातून प्रथम फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून जावे लागते. तेथे जाळीत अडकावे तशा त्या अडकतात; काही सुटून पुढे यकृत व प्लीहा यांत जमतात.

मानवातील महत्त्वाचा अभ्यास हॅनोव्हर येथे मायकेल होफमान व सहकाऱ्यांनी करून २००५ मध्ये प्रसिद्ध केला. हृद्‍रोधाच्या रुग्णांना त्यांच्याच मज्जेतील कोशिका फ्ल्युओरीन-१८ ने अंकित करून देण्यात आल्या आणि सुमारे एक तासानंतर प्रतिमा घेण्यात आली. हृद्‍रोहिणीत थेट सोडलेल्या सर्वसाधारण मज्जाकोशिकांपैकी केवळ १.३ ते २.६ टक्के हृदयाच्या स्नायूत आढळल्या. बाकीच्या मुख्यतः यकृत व प्लीहा यांत होत्या. निवडून काढलेल्या सीडी ३४ या खुणेच्या कोशिकांच्या बाबतीत हे प्रमाण १४ ते ३९ टक्के होते. नीलेवाटे दिलेल्या कोशिका मात्र हृदयात आढळल्याच नाहीत. शंभर कोशिकांपैकी दोन इष्ट स्थळी राहिल्या, हा आकडा उपचाराविषयीच्या सर्व गणितांना धक्का देणारा होता. शिवाय तो पहिल्या तासाचा होता. पुढील दिवसांत त्या दोनांपैकी किती टिकल्या, हे अल्पायुषी समस्थानिक सांगू शकत नव्हते.

२००४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड व सिॲटल येथील दोन गटांनी जननिक खुणा असलेल्या मज्जाकोशिका उंदरांच्या हृदयात सोडून, त्यांचे हृद्‍स्नायूत रूपांतर होत नसल्याचे दाखविले. त्याच वर्षी किनेर्ड, स्टीव्हन एप्स्टाइन व सहकारी यांनी उंदरांच्या अरक्त पायात मज्जाकोशिका टोचल्या असता रक्तपुरवठा सुधारतो, पण त्या कोशिका नव्या वाहिन्यांच्या भिंतींत सामील होत नाहीत, असे प्रसिद्ध केले. कोशिका वाढविलेल्या द्रवातच वाहिन्यांच्या वाढीस चालना देणारी प्रथिने होती. कोशिका विटांप्रमाणे भिंतीत बसत नाहीत; त्या काही काळ शेजारच्या कोशिकांना संदेश देतात व नाहीशा होतात, असे मत त्यानंतर दृढ होत गेले. हार्वेलच्या १९५६ मधील प्रयोगाने रक्ताच्या बाबतीत जो पक्ष बाद केला होता, तोच वाहिन्यांच्या बाबतीत खरा ठरला.

प्रतिमेची फसवणूक : प्रतिमेनेही अभ्यासकांना चकविल्याचे उदाहरण लोहकणांच्या इतिहासात आढळते. किरणोत्सर्ग टाळण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण कोशिकांत भरून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने (एमआरआय) त्यांची प्रतिमा घेण्याची पद्धती २००० च्या आसपास प्रचारात आली. लोहयुक्त कोशिका प्रतिमेत काळ्या ठिपक्यांप्रमाणे दिसतात, त्यांचे स्थान अगदी अचूक कळते आणि ठिपके कित्येक आठवडे टिकतात. ठिपके टिकले म्हणजे कोशिका जगल्या, असा अर्थ अनेकांनी काढला.

बॉल्टिमोर येथे टेरोव्हिटिस व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा अर्थ तपासला. प्राण्यांच्या हृदयात टोचलेल्या कोशिका मेल्यानंतरही काळे ठिपके कायम होते. मेलेल्या कोशिकांतील लोह महाभक्षी कोशिकांनी गिळले होते आणि प्रतिमेत दिसत होत्या त्या या महाभक्षी कोशिका. खूण जगली होती, कोशिका नव्हे. पद्धतीची दुसरी उणीव संवेदनक्षमतेची होती. क्राइट्शमन व सहकारी यांनी २००५ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात कोशिकांचे अंकन इंडियम व लोह या दोहोंनी केले. फुप्फुसांतून हृदयाकडे सरकलेल्या कोशिका किरणोत्सर्गी प्रतिमेत दिसल्या. चुंबकीय प्रतिमेत त्या दिसू शकल्या नाहीत. लोहकणांचे एक प्रमुख व्यापारी उत्पादन २००८ च्या सुमारास बाजारातून गेले, त्यामुळेही या पद्धतीचा मानवातील वापर मंदावला.

किरणोत्सर्गी अंकनही सर्वस्वी निर्दोष नाही. इंडियमपासून निघणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कोशिकेच्या आतच शोषले जातात व तिची विभाजनक्षमता बिघडवू शकतात. २००४ मध्ये ब्रेनर व सहकाऱ्यांनी सीडी ३४ कोशिकांत हा परिणाम दाखविला. म्हणजे ज्या कोशिकेचे भवितव्य पाहावयाचे, तिलाच पाहण्याच्या क्रियेने इजा होऊ शकते. शिवाय कोशिका फुटली तर सुटलेले समस्थानिक इतरत्र जाते व प्रतिमेत कोशिका असल्याचा भास निर्माण होतो.

जिवंतपणाची खूण : या अडचणीवर उपाय म्हणून कोशिकेच्या जीनांतच खूण घालण्यात आली. काजव्यातील प्रकाश निर्माण करणाऱ्या एंझाइमाचा जीन किंवा हर्पिस विषाणूतील एका एंझाइमाचा जीन कोशिकेत घातला, तर ती जिवंत असेपर्यंतच ते एंझाइम तयार करते. त्याचे खाद्य मानले जाणारे द्रव्य टोचल्यावर केवळ जिवंत कोशिकांतून प्रकाश किंवा पॉझिट्रॉन बाहेर पडतात. कोशिका मेल्यास खूण विझते आणि तिचे विभाजन झाल्यास संततीतही उतरते. जोसेफ वू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या तंत्राने जिवंत प्राण्यांच्या हृदयातील प्रतिरोपित कोशिका पाहिल्या. काजव्याचा प्रकाश ऊतकांत लवकर शोषला जात असल्यामुळे तो उंदरांपुरताच उपयोगी आहे. मानवात उपचारासाठी दिलेल्या कोशिका पॉझिट्रॉन प्रतिमेत पाहण्यासाठी जीन-खुणेचा वापर याघूबी व सहकारी यांनी २००९ मध्ये मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णात केला. उपचारासाठी दिलेल्या कोशिकेच्या जीनांत बदल करणे कितपत सुरक्षित, या शंकेमुळे वाहिनीविकारांत ही पद्धती रुग्णांपर्यंत फारशी आलेली नाही. दीर्घकाळ माग घेण्यासाठी सुमारे ७८ तासांचा अर्धायुकाल असलेले झिर्कोनियम-८९ ऑक्सीनसह वापरण्याची पद्धती २०१५ च्या सुमारास पुढे आली. ठाकूर यांच्या इंडियम पद्धतीचेच हे पॉझिट्रॉन रूप म्हणता येईल.

भारतातील कार्य : पुणे येथे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत ललिता लिमये, वैजयंती काळे इत्यादींनी रक्तोत्पादक मूल कोशिका गोठवून साठविताना त्यांची हानी कशी टाळावी, याचा अभ्यास केला. प्रतिमादर्शनाच्या दृष्टीनेही हा विषय मूलभूत आहे; कारण टोचण्यापूर्वीच दुबळी झालेली कोशिका कोणत्याही स्थळी टिकत नाही. परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पॉझिट्रॉन प्रतिमादर्शन यंत्र सुरू झाले. त्यामुळे फ्ल्युओरीन-१८ सारखी अल्पायुषी समस्थानिके देशातच मिळू लागली. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील सूद, मित्तल, भन्साळी व सहकारी यांनी मधुमेहाच्या रुग्णांना फ्ल्युओरीनने अंकित केलेल्या त्यांच्याच मज्जाकोशिका देऊन २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नीलेवाटे दिलेल्या कोशिका फुप्फुसांत अडकतात आणि त्या ज्या रोहिणीतून सोडल्या जातात तिच्यावर त्यांचे वाटप अवलंबून असते, हे भारतीय रुग्णांतही दिसून आले.

बर्गर रोगावर बंगळुरू येथील स्टेमप्युटिक्स या संस्थेने दात्यांच्या मज्जेपासून वाढविलेल्या कोशिकांचे औषध तयार केले. ते पोटरीच्या स्नायूत व व्रणाभोवती टोचले जाते. ९० रुग्णांवरील चाचणीत वेदना व व्रण यांत सुधारणा आढळली. मात्र रुग्णांची गटवारी यदृच्छेने केलेली नव्हती. भारताच्या औषध महानियंत्रकांनी या औषधाला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी दिली व २०२० मध्ये तिची व्याप्ती वाढविली. याउलट नेदर्लंड्समधील युट्रेख्ट येथे १६० रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोहिणीतून तीन वेळा मज्जाकोशिका देऊनही लाभ झाला नाही. सहा महिन्यांत मोठे अंगच्छेदन कोशिका मिळालेल्या गटात १९ टक्के, तर नुसते द्रव मिळालेल्या गटात १३ टक्के रुग्णांत करावे लागले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. दोन्ही चाचण्यांत कोशिकांचा प्रकार, मात्रा व देण्याचा मार्ग वेगळा होता. त्यामुळे एका निकालावरून दुसऱ्याचा अर्थ लावता येत नाही. कोशिका कोठे गेल्या, हे पाहण्याची सोय चाचणीतच असती, तर या भिन्नतेचे कारण अधिक स्पष्ट झाले असते.

नियमन व महत्त्व : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूल कोशिकांच्या संशोधनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ व २०१७ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. २०१७ च्या तत्त्वांनुसार मान्य विकारांसाठी केलेले रक्तोत्पादक मूल कोशिकांचे प्रतिरोपण हाच नित्य उपचार मानलेला आहे. इतर उपयोग मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतात. चाचणीतील सहभागासाठी रुग्णाकडून शुल्क आकारणे योग्य मानलेले नाही. असे असूनही विविध असाध्य विकारांवर मूल कोशिकांच्या नावाने मोठ्या खर्चाचे उपचार करण्याचे प्रकार देशात घडले आहेत. त्यांत पुष्कळदा कोशिका नीलेवाटे दिल्या जातात आणि त्या आपोआप रोगग्रस्त भागाकडे जातात, असे सांगितले जाते. २००३ पासूनच्या प्रतिमा या विधानाला आधार देत नाहीत.

प्रतिमादर्शनाने वाहिनीविकारांतील मूल कोशिकांचा उपचार खोटा ठरविला, असे मात्र म्हणता येत नाही. कोशिका देण्याचा मार्ग, योग्य प्रकार व मात्रा हे प्रश्न त्याने नेमके केले. स्नायूत टोचणे हे नीलेवाटे देण्यापेक्षा का सयुक्तिक आहे, कोशिकांना आधार देणाऱ्या जेलीसारख्या माध्यमाची गरज का आहे आणि कोशिकांऐवजी त्यांनी स्रवलेले घटक वापरता येतील काय, या आजच्या संशोधनाच्या दिशा त्याच प्रतिमांतून निघाल्या आहेत. पाय वाचेल काय, या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर प्रतिमा एकटी देऊ शकत नाही. ते भरलेला व्रण, थांबलेली वेदना आणि चालता आलेले अंतर यांवरूनच मिळते. परंतु त्या उत्तराचे श्रेय प्रतिरोपित कोशिकेला द्यावे की नाही, हे ठरविताना प्रतिमेची साक्ष आवश्यक आहे आणि त्या साक्षीचीही उलटतपासणी करावी लागते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.